पालक शाळेत यावेत म्हणून

शाळेतून फोन आला की बऱ्याच घरांत पहिला प्रश्न असतो, "आता काय केलं त्यानं?" पालकांच्या तोंडी हाच प्रश्न का येतो, हे समजून घ्यायचं असेल तर गेल्या वर्षभरात तुमच्या वर्गातून घरोघरी गेलेले निरोप आठवून पाहा. आधारची झेरॉक्स आणा. पासबुकची प्रत द्या. अपारच्या संमतिपत्रावर सही करा. मुलगा चार दिवस आला नाही. वही अपुरी आहे. मधल्या सुट्टीत मारामारी केली. निरोप एकतर कागद मागणारे, नाहीतर तक्रारीचे. जिथून दर वेळी मागणी किंवा गाऱ्हाणंच येतं, तिकडे माणूस आपण होऊन फिरकत नाही.

"आमच्याकडे पालक येतच नाहीत," हे वाक्य शिक्षकांच्या बैठकांत हमखास ऐकू येतं. त्यामागची दमछाक खरी आहे. दोन-दोन वर्ग एकट्यानं सांभाळायचे, ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा आणि वर पालकांच्या मागे लागायचं. तरीही मला हे निदान पटत नाही. पहाटे उठून भाकरी थापणारी, मुलीच्या वेण्या घालून तिला वेळेवर शाळेत धाडणारी आणि मग मजुरीला जाणारी बाई शिक्षणाबद्दल उदासीन आहे, असं कसं म्हणायचं? ती सभेला येत नाही, कारण तिथं ऐकून घेण्यापलीकडे तिला काही काम नसतं आणि त्यासाठी तिची मजुरी बुडते. आपला निरोप बदलला आणि पालकांना शाळेत खरं काम मिळालं, तर हे चित्र बदलतं. ते कसं करता येईल, हे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी इथं लिहितो आहे. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनीही ते वाचावं.

जूनमधला पहिला निरोप

शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक चांगला निरोप गेलाच पाहिजे. यात सूट नको. "तुमचा मुलगा हुशार आहे" हे पुरेसं नाही; असं तर कुणाबद्दलही म्हणता येतं. "काल नवीन आलेला मुलगा रडत होता, तुमच्या रेश्मानं त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं," असं काहीतरी सांगा, म्हणजे आपल्या लेकराकडे बाईंचं खरंच लक्ष आहे हे घरच्यांना कळेल. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गात साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. रोज तीन फोन केले तरी तेवढा वर्ग पंधरवड्यात पूर्ण होतो, आणि एक फोन दोन मिनिटांचा असतो. पट याहून मोठा असेल तर महिना लागू द्या, पण एकही घर वगळू नका. विशेषतः ज्याच्याबद्दल मागच्या वर्गशिक्षकांनी तुम्हाला आधीच बजावून ठेवलं आहे, त्याच्या घरी सर्वांत आधी चांगला निरोप जाऊ द्या. पुढे सप्टेंबरात एखादी अवघड गोष्ट सांगायची वेळ आली, तर ती ऐकायला त्या घरातलं माणूस तयार असेल.

त्याच फोनवर आणखी एक माहिती घ्या. हजेरीपटावर लिहिलेला नंबर नेमका कुणाचा आहे? बहुतेक वेळा तो वडिलांचा असतो, आणि वडील पुण्याला बांधकामावर किंवा दिवसभर रिक्षावर असतात. आईकडे फोन नसतो, किंवा साधा बटणांचा असतो, त्यावर व्हॉट्सअप नाही. मुलाला सोडायला आजी येते. मग निरोप पोचवायचा कुणाला? वर्गाच्या वहीत प्रत्येक मुलापुढे लिहून ठेवा: दिवसा फोन कुणाजवळ असतो, घरात वाचता कुणाला येतं, कोणत्या वेळी बोलता येईल, घरात कोणती भाषा बोलतात. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरी मराठी चिठ्ठी पाठवली, तर ती वाचून सांगणारं कुणीतरी हवं. महापालिकेच्या शाळेत हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरं असतात. अशा वेळी त्याच वस्तीतल्या एखाद्या जाणत्या पालकाला मदतीला घ्या. मात्र मुलाबद्दलची नाजूक गोष्ट शेजाऱ्याकरवी सांगू नका, आणि दुभाषा म्हणून त्या मुलालाच पुढे करू नका. आईवडिलांसमोर स्वतःची तक्रार स्वतःच भाषांतर करून सांगण्याची वेळ कुठल्याच लेकरावर येऊ नये.

ग्रुपवर काय लिहावं

शाळेचा व्हॉट्सअप ग्रुप आता गावोगावी आहे आणि त्यानं सोयही झाली आहे. पण सकाळच्या शुभेच्छा, फॉरवर्ड केलेले व्हिडिओ आणि सरकारी परिपत्रकांचे पीडीएफ यांच्या गर्दीत उद्याच्या लसीकरणाची सूचना हरवून जाते. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यात फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सेटिंग करा आणि आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त संदेश टाकू नका. लिहिलेल्या सूचनेसोबत तीच सूचना स्वतःच्या आवाजात, अर्ध्या मिनिटात बोलून पाठवा. वाचता न येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतोच, आणि दुपारी शेतात बसलेल्या आईलाही बाईंचा आवाज ओळखीचा वाटतो. ज्यांच्याकडे हा फोन नाही त्यांची वेगळी यादी हवी. त्यांच्यासाठी मुलाच्या वहीतली चिठ्ठी, ग्रामपंचायतीचा लाऊडस्पीकर आणि शाळेच्या फाटकावरचा फळा ही जुनी साधनं अजून उत्तम चालतात.

आता सूचनेच्या भाषेबद्दल. बहुतेक शाळांतून जाणारी सूचना साधारण अशी असते: "सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, शुक्रवार दि. १२ रोजी दुपारी ३ वाजता शिक्षक-पालक सभेचे आयोजन करण्यात आले असून सदर सभेस आपली उपस्थिती अनिवार्य आहे. अनुपस्थित पालकांच्या पाल्याच्या नुकसानीस शाळा जबाबदार राहणार नाही." ही भाषा कार्यालयाची आहे. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की न जाणं हा गुन्हा आहे. सभेत काय आहे, किती वेळ लागेल, कडेवरचं लेकरू आणलं तर चालेल का, यातलं काहीच कळत नाही. तीच सूचना अशी लिहून पाहा: "शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला शाळेत या. तिसरीची मुलं तुम्हाला स्वतः वाचून दाखवणार आहेत. साडेसहाला मोकळे व्हाल. लहान मूल सोबत असलं तरी चालेल. शुक्रवारी जमणार नसेल तर कधी जमेल ते कळवा, तेव्हा भेटू." शब्द जवळपास तेवढेच आहेत. शेवटच्या वाक्यानं न येणाऱ्यालाही दार उघडं राहतं, आणि कोणती वेळ कुणाला सोयीची हे तुम्हाला आपोआप कळतं.

ग्रुपवर काही गोष्टी अजिबात नकोत. कुणाचे गुण, कुणाची गैरहजेरी, कुणाचे कागद राहिले, कुणाची फी थकली, हे सगळं त्या-त्या घराशी स्वतंत्र बोलण्याचं आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कौतुकानं टाकला, तरी गावभर त्याचं अडखळणंच फिरतं. मुलांचे फोटो टाकण्याआधी वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घ्या आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचा मान ठेवा.

सभा आणि प्रगतिपत्रक

सभेची वेळ शाळेच्या घड्याळावर ठरवली की ती रिकामी जाते. कोकणात जुलैत लावणी चालू असते, मराठवाड्यात आणि विदर्भात ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी. त्या दिवसांत दुपारी तीनला कोण येणार? आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र निम्मं गाव शाळेवरून जात-येत असतं. शहरात घरकाम करणाऱ्या बायकांना रविवार सकाळही मोकळी नसते, रात्री आठनंतरची वेळ जमते. वर्षातली एखादी सभा शाळेत न घेता वस्तीवरच्या समाजमंदिरात घ्या. शाळेची पायरी चढायला संकोचणारी माणसं तिथं मोकळेपणानं बोलतात.

प्रास्ताविक, सत्कार, मार्गदर्शन आणि रजिस्टरवर सह्या हा क्रम मोडा. पहिला अर्धा तास मुलांचा असू द्या: एकानं गोष्ट वाचावी, दुसरीनं फळ्यावर हातच्याची वजाबाकी करून दाखवावी, दोघांनी मिळून बियांचा तक्ता समजावून सांगावा. आपलं मूल चार लोकांत उभं राहून बोलताना पाहायला आईबाप कामं टाकून येतात. त्यानंतर सतरंजीवर गोल करून बसा. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की पुढे पुरुष बसतात आणि तेच बोलतात. घरात मुलाचा अभ्यास पाहणारी बाई मागे भिंतीला टेकून गप्प राहते. तिला नावानं हाक मारून विचारा. आणि कुणाही एका मुलाच्या चुका त्या गोलात काढू नका.

प्रगतिपत्रक देण्याचा दिवस आपण सर्वांत जास्त वाया घालवतो. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक आणि संकलित नोंदी होतात, त्यांची श्रेणी निघते. पण 'ब-२' या श्रेणीवरून घरी काय समजावं? पालक एवढंच विचारतात, "पास आहे ना?" आणि आपण हो म्हणून सही घेतो. त्याऐवजी प्रत्येक घराला पाच मिनिटं द्या आणि समोर प्रगतिपत्रकाच्या जोडीला मुलाची वही ठेवा. जूनमधलं एक पान आणि नोव्हेंबरमधलं एक पान शेजारी शेजारी उघडा. जूनमध्ये शब्दांत अंतर नव्हतं, वेलांट्या उलट्या होत्या. आता पूर्ण वाक्य ओळीवर आहे. निरक्षर आजीलाही हा फरक डोळ्यांनी दिसतो. मग तीन गोष्टी सांगा: मुलाला आता काय येतं, कुठे अडतं आणि घरी काय करता येईल. "जोडाक्षरं आली की ती थांबते, म्हणून पुढचा महिना आपण रोज दहा ओळी मोठ्यानं वाचून घेऊ," इतकं नेमकं सांगा.

"आम्हाला कुठं वाचता येतं, मॅडम?" असं उत्तर येईल. त्यावर सांगा की वाचायचं मुलीनं आहे, तुम्ही फक्त शेजारी बसून ऐका आणि वाचून झाल्यावर विचारा, काय झालं गं गोष्टीत? ती अडखळली तर ते तुम्हाला कानाला कळेल, गोष्ट सांगता आली नाही तर समजलं नाही हेही कळेल. गणिताचं तर बरंचसं घरातच आहे. दुकानातून आणलेल्या सामानाची उरलेली चिल्लर मोजायला द्या, भाजीची जुडी आणि किलोचा भाव यांचा हिशेब तोंडी करायला लावा, एसटीचं अर्धं तिकीट किती होईल ते विचारा. अशिक्षित पालकाला शिकवणीचा रस्ता दाखवण्याआधी त्याला स्वतःला काय करता येतं हे सांगणं शिक्षकाचं काम आहे.

याच भेटीत एक गैरसमज दूर करा. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवतच नाहीत, असं अजून अनेक घरांत समजतात. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालेल्याला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. हे एप्रिलमध्ये कळून काय उपयोग? चौथीच्या पालकांनाच ते सांगून ठेवा, आणि भीती न घालता सांगा.

काम द्या

२०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा, त्यात नोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबलं, आणि मूल उड्या मारतं, वस्तू वेगळ्या करतं, चित्र पाहून बोलतं ते आईनं जवळ उभं राहून पाहायचं. मग वस्तीनुसार मातांचे गट, त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डं. पालक सहभागाच्या नावानं जे काही झालं आहे त्यात मला हे सर्वांत अर्थपूर्ण वाटतं, कारण इथं आईला व्याख्यान ऐकवलं नाही, तिला मुलासोबत करायचं काम दिलं. अडचण एवढीच की मेळावे आटोपले की पुष्कळ ठिकाणी गट विरतात. ते टिकवायचे असतील तर गटप्रमुख आईला शनिवारी शाळेत बोलवा, पुढच्या आठवड्याची एक कृती तिला स्वतः करून दाखवा आणि मागच्या कृतीत काय झालं ते तिच्याकडून ऐका. दहा मिनिटं लागतात.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. एवढा मोठा अधिकार पालकांना दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल. पण सभेचं इतिवृत्त आधी लिहून घ्यायचं आणि शिपायाकरवी घरोघर सह्या आणायच्या, असं चालत असेल तर तिथं पालकांनी यावं कशाला? त्यांच्यापुढे खरा निर्णय ठेवा. शाळेला मिळालेलं अनुदान किती आणि ते कशावर खर्च करायचं हे समितीत बोलून ठरवा आणि झालेला खर्च फळ्यावर लिहा. शाळा विकास आराखडा तयार करताना मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल आयांनाच विचारा. कडी लागत नाही, पाणी नाही, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट त्याच सांगू शकतात. पोषण आहार वाढण्याआधी एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी चाखून पाहावा असा दंडक आहे. त्यात रोज आळीपाळीनं दोन आयांची पाळी लावा, त्यांची नोंद त्यांच्याच शब्दांत वहीत घ्या. वरण पातळ झालं असं त्यांनी लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ते सुधारलं का, हेही त्यांना दिसू द्या. विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही. तिथं शुल्क विनियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आहे. तो नुसता फीच्या चर्चेपुरता उरू नये.

घरी जाताना आणि गाव सोडताना

मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. आपल्याला रोज एवढं करायचं नाही. वर्षातून एकदा प्रत्येक घरी गेलो तरी खूप आहे. जाताना मुलाची वही किंवा चित्र सोबत न्या. दाखवतील तिथं बसा, चहा दिला तर घ्या, घराची तपासणी केल्यासारखं बघू नका, शेजारपाजारच्यांसमोर कमाई विचारू नका. आणि मुलाच्या देखत त्याच्या उणिवा काढू नका, तो त्याच्या घरी आहे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांशी बोलणं दिवाळीच्या आधीच व्हायला हवं. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी माणसं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि एप्रिलच्या आसपास परततात. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष फडावर जातं. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतं का, हे आधी विचारा. राहणार असेल तर पुढचे सहा महिने आजी हीच पालक. सभेला, प्रगतिपत्रकाला तिलाच बोलवा. नेणारच असतील तर कोणत्या कारखान्यावर जाणार ते लिहून घ्या, आईबापांच्या नंबरासोबत मुकादमाचाही घ्या. मुलाबरोबर पुस्तकं, दोन कोऱ्या वह्या आणि शिक्षण हमी पत्रक द्या आणि ते पत्रक दाखवल्यावर तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं हे आईला समजावून सांगा. दाखला काढायची गरज नाही, हे दोनदा सांगा. मग आठवड्यातून एकदा फोन करा आणि तो वर्गातल्या मुलांकडेही द्या. आपली जागा राखून ठेवली आहे हे मित्रांकडून कळलेलं मूल एप्रिलमध्ये परत येऊन बसतं.

पालक बोलले तर

निरोपाची वाट दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. शाळा सुटल्यावरची अर्धा तासाची एक वेळ ठरवून जाहीर करा. त्या वेळी कुणीही येऊन बोलावं. रात्री दहाला फोन उचलण्याचं बंधन शिक्षकांवर नको, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. तक्रार आली तर आधी पूर्ण ऐका, लिहून घ्या आणि कधी उत्तर देणार तो दिवस सांगा.

मूल पडलं, लागलं, किंवा त्याच्याशी काही वावगं घडल्याचा संशय जरी आला, तरी घरी पहिली बातमी शाळेकडून गेली पाहिजे, मूल घरी पोचण्याआधी. काय झालं, आम्ही लगेच काय केलं, आता पुढे काय, हे मुख्याध्यापकांनी स्वतः सांगावं. झाकून ठेवलेली एक गोष्ट उघडी पडली की त्या गावात पुढची कित्येक वर्षं शाळेच्या शब्दाला किंमत राहत नाही. तक्रारपेटी कुठे आहे, सखी सावित्री समितीत कोण आहेत आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक कशासाठी आहे, हे जूनच्याच सभेत सांगून फाटकाजवळ ठळक लिहून ठेवा.

आणि मार्च-एप्रिल आला की चौथीच्या पालकांकडे लक्ष द्या. बऱ्याच गावांत शाळा चौथीवर संपते आणि पाचवी दुसऱ्या गावात असते. मुलींची शाळा इथंच सुटण्याचा धोका असतो. सुट्टी लागण्याआधी एके दिवशी मुलं आणि त्यांच्या आया यांना सोबत घेऊन ती नवी शाळा दाखवून आणा. तिथल्या वर्गशिक्षकांची ओळख करून द्या, मुलींचं स्वच्छतागृह दाखवा, एसटी किती वाजता येते आणि संध्याकाळी किती वाजता परत सोडते ते तिथंच विचारून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, त्यासाठी काय लागतं तेही सांगा. एका वस्तीतल्या चार-पाच जणी एकत्र जाणार असतील तर त्यांच्या आयांचे नंबर एकमेकींना द्या. मग जुलैत त्या घरांना एक फोन करा आणि पोरी जाताहेत ना, ते विचारा.